अठराव्या वर्षानंतर

आज ३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन. गावोगावी प्रभातफेऱ्या निघतील, विशेष शाळांतील मुले बसवलेला नाच करून दाखवतील, बक्षिसे वाटली जातील. हे सगळे व्हायलाच हवे. या मुलांनी वर्षातून एकदा मंचावर यावे आणि गावाने त्यांच्यासाठी टाळ्या वाजवाव्यात, यात आनंदच आहे. पण सभागृहाच्या मागच्या रांगांत काही पालक असे बसलेले असतात, ज्यांची मुले आता कुठल्याच नाचात नसतात. ती चाळिशीला आली आहेत आणि दिवसभर घरी आहेत. आज बोलायचे आहे ते त्यांच्याविषयी.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठीचे काम महाराष्ट्रात फार आधी सुरू झाले आणि बहुतेक वेळा ते घरातल्या गरजेतून झाले. होर्मसजी आणि जय वकील यांनी आपल्या मुलीसाठी १९४४ मध्ये मुंबईत शाळा काढली. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ मध्ये कामायनी उभी केली. स्वतःच्या मुलाला सामावून घेणारी शाळा मिळेना, तेव्हा रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये नाशिकला प्रबोधिनी सुरू केली. सरकार, कायदे आणि अनुदान नंतर आले. आधी आईबाप आले.

कायदे मात्र आता चांगले आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अक्षमता मान्य केल्या आणि ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला. खरी अडचण त्या अठराव्या वर्षापाशीच उभी राहते. शाळा सुटते आणि दारात येणारी रिक्षा बंद होते. सकाळी डबा भरून निघणारा मुलगा खिडकीशी बसून राहतो. बोलणे, बटणे लावणे, रस्ता ओलांडणे अशी कष्टाने कमावलेली कौशल्ये वापराविना एकेक करून गळू लागतात. त्याच सुमारास मुलगा कायद्याने सज्ञान होतो आणि आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. हे अनेक घरांना कळते ते थेट बँकेच्या खिडकीवर, किंवा वडील गेल्यानंतर निवृत्तिवेतनाचे कागद जुळवताना.

यावरचा उपाय १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती सज्ञान व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमू शकते. समितीत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी असतो आणि एक सदस्य स्वतः दिव्यांग असतो. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते, दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो. व्यवस्था चोख आहे, पण समितीची बैठकच वेळेवर झाली नाही तर तिचा उपयोग काय? ही बैठक दर महिन्याला ठरलेल्या तारखेला व्हावी आणि ती तारीख तहसील कार्यालयाच्या फलकावर लागावी. सत्तरीच्या बापाला मुलाचा हात धरून जिल्ह्याच्या गावी पुन्हा पुन्हा खेटे घालायला लावणे हा अन्याय आहे.

पालक नेमला म्हणजे त्या व्यक्तीचे मत संपले, असे मात्र कोणी समजू नये. २०१६चा कायदा मर्यादित पालकत्वाची भाषा करतो. त्यात निर्णय दोघांनी मिळून आणि त्या व्यक्तीची इच्छा विचारात घेऊन करायचा असतो. कोणता सदरा घालायचा, कोणाशेजारी बसायचे, काम आवडते की नाही, हे सांगायला प्रत्येकाकडे काही ना काही मार्ग असतो. बोलता येत नसेल तर चित्रांचे तक्ते असतात, मानेचा होकार-नकार असतो. विचारणाऱ्याला थोडा धीर हवा, इतकेच.

काम हा तर सर्वांत मोठा आधार. चांगल्या कार्यशाळेत जाऊन पाहावे. ज्याला पाचपर्यंत मोजता येत नाही, त्याच्यापुढे पाच खाचांची लाकडी फळी ठेवलेली असते. एकेका खाचेत एकेक मेणबत्ती बसवायची. फळी भरली की पाकीट भरायचे आणि शेजारणीकडे सरकवायचे. ती चिकटपट्टी लावते. चूक होऊ नये म्हणून माणसाला बदलायचे नाही, कामाची मांडणी बदलायची, ही विशेष शिक्षकांची खरी विद्या. महिन्याअखेरीस हातात पडणारे मानधन तुटपुंजे असते, पण ते घरी आईच्या हातात देताना त्या तरुणाची मान ताठ असते. शासकीय नोकऱ्यांत बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार यांसारख्या गटांना मिळून १ टक्का राखीव जागा आहेत. त्या भरायच्या असतील तर कामांची अशी फोड करणारी नजर प्रशासनालाही कमवावी लागेल.

शेवटी उरतो तो प्रश्न, जो प्रत्येक पालक रात्री स्वतःला विचारतो: आमच्या पश्चात याचे कोण करणार? डोंबिवलीजवळच्या खोणी गावात अमेय पालक संघटनेने ‘घरकुल’ बांधून आपल्यापुरते उत्तर शोधले. समूहनिवास आणि तात्पुरत्या मुक्कामी देखभालीच्या योजना राष्ट्रीय न्यासाकडेही आहेत. पण आईबापांनी स्वतः वीट रचल्याशिवाय घर उभेच राहत नसेल, तर ज्यांच्याकडे जमीन नाही, ओळख नाही, त्यांनी काय करायचे? महाराष्ट्राने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापला. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक प्रौढांचे निवासगृह हे त्या विभागाचे पहिले काम असायला हवे.

तोवर गावाच्या हातातही काही आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चावा, असा राज्याचा नियम आहे. चार-पाच गावांनी हा पैसा एकत्र केला तर एका कार्यशाळेचे भाडे आणि तिथवर जाणाऱ्या रिक्षाचा खर्च निघू शकतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा निधी कुठे गेला, हे विचारावे. आणि विचारायला पालकांना एकटे पाठवू नये.