हात खाली, नजर वर

‘थेरपी चालू आहे ना?’ हा प्रश्न आमच्या बेळगाव-निपाणीकडे आता ‘लस टोचली ना?’ इतक्या सहज विचारला जातो. बस्तीत, लग्नात, भिशीत. मूल तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, नावानं हाक मारली तर वळून बघत नाही, असं दिसलं की डॉक्टर ऑटिझमचा कागद हातात देतात आणि कागदामागोमाग सेंटरचं कार्ड येतं. कागदाबद्दल माझी तक्रार नाही. लवकर कळलं तर बरंच. माझं भांडण आहे ते सेंटरच्या बंद दाराआड जे चालतं त्याच्याशी. आणि ‘आत काय चालतं?’ एवढं विचारायला आपण आया-आज्ज्या का कचरतो, त्याच्याशीही.

आत एक छोटं टेबल असतं, दोन खुर्च्या असतात. समोर मॅडम. ‘हात खाली. माझ्याकडे बघ. शांत बस.’ ऐकलं की बिस्किटाचा तुकडा, नाही ऐकलं की तुकडा परत डब्यात. असं तासभर. माझ्या नणंदेच्या नातवाला आठवड्यातून दोनदा मीच घेऊन जायची, कारण सून बँकेत आणि वन्संचे गुडघे धरलेले. दाराच्या काचेवर आतून रंगीत कागद चिकटवलेला. ‘आंटी, तुम्ही बाहेरच बसा, घरचं माणूस दिसलं की मुलं लाडात येतात.’ मग आतून रडणं ऐकू यायचं. त्यावरही उत्तर तयार: ते रडणं नव्हे, अटेन्शन मागणं आहे, लक्ष देऊ नका. म्हणजे बघा, ज्या पोराकडे शब्द नाहीत त्याच्याजवळ सांगायचं एकच साधन उरलं, रडणं. तेही ऐकायचं नाही असं आपण पैसे भरून ठरवतो.

एकदा त्याच्या खिशात जेलीच्या गोळ्या सापडल्या. वेष्टन मागून घेतलं, तर त्यावर मांसाहाराची खूण. जिलेटिन. मॅडम म्हणाल्या, ‘एवढीशी तर आहे आंटी, त्याला हीच आवडते म्हणून काम होतं.’ जेली बंद झाली, तो विषय तिथं संपला. मला जास्त लागलं ते पुढचं वाक्य: ‘सकाळी नाश्ता जरा कमीच देत जा, भूक असली की ऐकतो.’ उपवास आणि उपासमार यांतला फरक आमच्या घरातल्या लहान पोरांनाही कळतो. उपवास आपण होऊन धरायचा असतो. सहा वर्षांच्या पोराचं पोट रिकामं ठेवून त्याला ‘माझ्याकडे बघ’ म्हणायचं, याला मी तरी उपचार म्हणणार नाही.

ही पद्धत आली कुठून? अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात इव्हार लोवास नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. १९८७ साली त्यांनी एक अभ्यास छापला. १९ मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास असं दोन वर्षं आणि त्याहून जास्त शिकवलं, त्यातली ९ मुलं साध्या शाळेत इतरांसारखी बसू लागली, असा त्यांचा दावा. हा आकडा तेव्हापासून जगभर फिरतोय. त्याच अभ्यासात मुलांवर मोठ्यानं ‘नो’ म्हणून ओरडणं आणि अधूनमधून मांडीवर चापट मारणं हाही पद्धतीचा भाग होता, आणि कुठलं मूल कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, हे मात्र सांगायचं राहून जातं. त्याआधी १९६५ साली ‘लाइफ’ मासिकानं त्यांच्या कामाचे फोटो छापले होते, त्या लेखाच्या नावातच किंकाळ्या, चापटा आणि प्रेम हे तिन्ही शब्द होते.

याच शाखेची एक फांदी मॅसॅच्युसेट्समधल्या जज रोटेनबर्ग सेंटरपर्यंत पोचली. तिथं मुलांच्या अंगावर विजेचा झटका देणारं यंत्र बांधायचे. २००२ साली एका मुलानं अंगातला कोट काढला नाही म्हणून त्याला तीसहून जास्त झटके दिले. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये त्या यंत्रावर बंदी घातली, २०२१ मध्ये कोर्टानं ती उठवली.

आता कुणी म्हणेल, ‘काकी, आमच्याकडे कुठं शॉक देतात? हातसुद्धा लावत नाहीत.’ मान्य. बहुतेक ठिकाणी आता मारत नाहीत, नुसतं बक्षीस देतात किंवा रोखतात. पण प्रश्न माराचा नव्हताच. मुलानं काय व्हावं हे ठरवलं कुणी? हात झटकू नकोस, गोल फिरू नकोस, डोळ्यांत बघ. यातलं पोराच्या उपयोगाचं काय? आज मोठी झालेली ऑटिस्टिक माणसं स्वतः लिहितात, बोलतात. त्यांतले कितीतरी जण सांगतात की हात हलवल्यानं त्यांना शांत वाटतं, आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायला लावलं की त्याचं बोलणं ऐकूच येत नाही. आपण त्यांना विचारतो का? नाही. आपल्याला लग्नाच्या मांडवात मूल गप्प बसलेलं हवं असतं.

‘पण फरक पडतो’ हेही खरं. मी आंधळी नाही. दात घासण्याचे दहा तुकडे पाडून एकेक शिकवला, कुठं अडलं ते टिपून ठेवलं, तर पोरं शिकतात. शी-शू शिकतात, बटण लावायला शिकतात. ते जरूर शिकवा, त्यानं पोराचंच आयुष्य सोपं होतं. पण ‘कुठलाही मोठा माणूस सांगेल ते निमूट ऐक’ हेही त्याच रीतीनं अंगी मुरतं. आणि हे जग कसं आहे ते बायकांनी बायकांना सांगायला नको. ज्या पोराची ‘नको’ म्हणायची, हात झिडकारायची सवयच मोडून काढली, ते उद्या वाईट हात कसा झिडकारेल?

जमिनीखालच्या जिवांची हिंसा नको म्हणून ताटातला कांदा-बटाटा सोडणारी आपण माणसं. अहिंसा मन, वचन, काया तिन्हींनी पाळायची असं प्रवचनात ऐकून माना डोलावतो. पाच इंद्रियांचा, मन असलेला जीव काचेपलीकडे रडतो तेव्हा मात्र घड्याळाकडे बघत बसतो, कारण तासाची फी भरलेली असते. तासाला पाचशे धरले तरी ४० तासांचे आठवड्याला वीस हजार होतात. ४० तास आमच्याकडे कुणालाच परवडत नाहीत, म्हणून आठवड्याला दोनतीन तास घेतात आणि वर ‘घरीही असंच करा’ सांगतात. मग आईच दिवसभर बिस्किटाचा डबा घेऊन पोराच्या मागे. आईपण संपलं, मास्तरकी सुरू.

भाषेचं तर विचारूच नका. आमच्या घरांत आज्जी ‘बा इल्ली’ म्हणते, आई ‘इकडं ये’ म्हणते, दोन्हीत कुणाला वावगं वाटत नाही. सेंटर म्हणतं, गोंधळ होतो, एकच भाषा ठेवा, शक्यतो इंग्लिश. घरात दोन भाषा असल्या म्हणून ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागं पडतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. पण ऐकतो कोण? आज्जीला तोडकं ‘कम हिअर’ शिकवलं. त्या बिचारीनं चार दिवस म्हटलं, आणि मग नातवाशी बोलणंच कमी केलं. पोराचं बोलणं वाढावं म्हणून घरातलं सगळ्यात बोलकं माणूस गप्प केलं की हो!

दुसरी वाट नाही असं नाही, आणि ती फार लांबही नाही. शेजारच्या गोव्यात ‘संगथ’ संस्थेनं आणि पाकिस्तानात रावळपिंडीला मिळून ६५ मुलांचा एक अभ्यास झाला. २०१६ साली तो ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्ये आला. तिथं तज्ज्ञ नव्हे, साध्या शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी काम केलं. तासाभराच्या बारा बैठका. आई मुलाशी खेळते त्याचा व्हिडिओ काढायचा, मग तिच्यासोबत बसून बघायचा: इथं त्यानं तुझ्याकडे बघितलं, इथं तू थांबलीस म्हणून त्यानं पुढाकार घेतला. म्हणजे शिकायचं मोठ्यांनी. आया पोरांच्या कलानं घेऊ लागल्या आणि पोरं आपण होऊन जास्त संवाद करू लागली. अभ्यास लहान होता, प्रत्येक मोजमापात यश आलं असंही नाही. पण त्यात दार बंद नव्हतं आणि कुणाला उपाशी ठेवलं नव्हतं.

तेव्हा सेंटरला विचारा. मला आत बसू द्याल का? तो ‘नको’ म्हणाला तर काय करता? कुठली गोष्ट शिकवताय आणि ती त्याच्या कुठल्या कामाची? तुमची पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का? ज्यांना या प्रश्नांचा राग येतो, त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नका. चांगल्या मॅडमही आहेत. प्रश्न विचारला की खुर्ची पुढं करतात, ‘बसा, बघा’ म्हणतात.

आणि शाळांना सोडू नका. खरं तर ही सेंटरं चालतात ती शाळांच्या जिवावर. ‘आधी बसायला शिकवा, मग आणा’ म्हणून शाळा मुलाला परत पाठवते, घाबरलेली आई सेंटर गाठते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. त्याच्या ६व्या कलमात क्रूर आणि अपमानास्पद वागणुकीपासून संरक्षण आहे, ३१व्यात ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, मग ती जवळची शाळा असो की त्याच्या पसंतीची विशेष शाळा. आधी हात खाली ठेवायला शिकलं पाहिजे, अशी अट मला त्यात कुठं सापडली नाही. मुख्याध्यापकांना सापडली असेल, तर ती त्यांच्याकडून शाळेच्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी लिहून मागा.