पुढच्या आठ खुर्च्या

आमच्या शहागंजात, घंटाघराच्या आसपास, कुठल्याही कापडाच्या दुकानात शिरा. आधी "बसा" म्हणतात, मग पाणी येतं, आणि मग "काय दाखवू?" गिऱ्हाईक एक रुमाल घेणार की लग्नाचा बस्ता बांधणार, हे तेव्हा कुणाला ठाऊक नसतं. विमानात मात्र ते तिकिटावरच छापलेलं असतं.

हे सगळं सुचायचं कारण म्हणजे मामेभावाचा फोन. "दादा, आत्याला दिल्लीहून बिझनेस क्लासने पाठवू का?" आत्या म्हणजे माझी आई. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

देशातल्या देशात बिझनेस क्लास म्हणजे काय, तर बहुतेक वेळा पुढच्या दोन रांगा. एअर इंडियाच्या नव्याने सजवलेल्या ए-३२० विमानांत अशा खुर्च्या आठ आहेत आणि साध्या १३२. इंडिगो २००६ पासून "फक्त जागा विकतो" म्हणत मोठी झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिनेही दिल्ली-मुंबई मार्गावर बारा मोठ्या खुर्च्या मांडल्याच. सुरुवातीचा दर रु. १८,०१८, सोबत ओबेरॉयचा शाकाहारी डबा. गंमत बघा, सरबराईवर नाव कमावलेल्या किंगफिशर (२०१२), जेट (२०१९) दोन्ही बंद पडल्या. विस्तारा २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली.

आता यात खरं काय मिळतं? खुर्ची. रुंद, पाय लांब करता येतील अशी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दिल्लीहून येताना ही चैन नाही, गरज आहे. चेक-इनची वेगळी रांग, थोडं जास्त सामान, हेही कामाचं. बाकी गरम टॉवेल, सरबत, काचेच्या भांड्यातलं जेवण, हे सगळं मला तरी नाटकच वाटतं. चिकलठाण्याहून मुंबईपर्यंत हवेतला वेळ तासाभराचाही नाही. ट्रे पुढ्यात येतो न येतो तोच उचलायची घाई. देशांतर्गत विमानात मद्य देत नाहीत, त्यामुळे ज्यांना त्याची अपेक्षा असते त्यांचीही पंचाईत! (आमच्या घरात हा प्रश्न येत नाही.) वर सप्टेंबर २०२५ पासून या वर्गावर जीएसटी १८ टक्के, साध्या तिकिटावर ५ टक्के.

पण मला खटकतं ते वेगळंच. हसून बोलणं, नावाने हाक मारणं, म्हाताऱ्या माणसाची पिशवी वर ठेवून देणं, याला काय खर्च येतो हो? हेसुद्धा पडद्याच्या पुढेच का वाटायचं? फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ, व्हीलचेअर एकच मिळाली म्हणून ती बायकोला देऊन स्वतः चालत निघाले आणि वाटेतच कोसळले. डीजीसीएने एअर इंडियाला तीस लाखांचा दंड केला. ती बातमी वाचल्यापासून कुणी सरबताच्या ग्लासाचं कौतुक सांगू लागलं की माझं लक्षच लागत नाही. सेवेची तुलना करायचीच तर शेवटच्या रांगेतल्या आजीला व्हीलचेअर किती वेळात मिळाली, यावरून करा.

तर भावा, तिकिटात दोन-तीन हजारांचा फरक असेल तर खुशाल पुढची खुर्ची घे. दुप्पट मागत असतील तर साध्या वर्गातली पहिली रांग बघ, वाटेकडची. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदव आणि आदल्या दिवशी पुन्हा फोन करून विचार. आणि डब्यात दोन दशम्या न् शेंगदाण्याची चटणी दे. पुढे बसली काय न् मागे बसली काय, ती तेच खाणार आहे.