गाडी अपंगाची, स्टिअरिंग कुणाचे?

शिरूर-दौंडकडे अपंग आजीला दवाखान्यात नेणाऱ्या नातवाला कुणीतरी हटकतेच, 'सवलतीची गाडी ना? मग तू कसा चालवतोस?' आम्ही विचारतो, पाय गेलेली म्हातारी काय स्टिअरिंगवर बसणार? १९८८ चा मोटार वाहन कायदा अपंगांसाठीच्या खास बनावटीच्या वाहनाची व्याख्या करतानाच सांगतो की, ते अपंगाने किंवा अपंगासाठी वापरायचे. म्हणजे चालवणारा दुसरा असू शकतो. लायसन त्याच्याकडे हवे, काम आजीचे हवे. आजी घरात आणि नातू दोस्तांसोबत जेजुरीला, हे आम्हालाही मान्य नाही.

पण हटकणाऱ्यांनी सरकारलाही हटकावे. जीएसटीची सवलत होती फक्त अस्थिव्यंगांना, तीही छोट्या गाडीवर. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, तरी सवलतीत अंध नव्हते, बौद्धिक अपंगही नव्हते. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीवर सगळ्यांनाच १८ टक्के. अपंगाला सवलतीत लागायचे तेही १८ टक्केच! मग सवलत उरली कुठे? नाव मात्र 'दिव्यांग'.

संविधानाचे कलम ४१ अपंगत्वात शासनाने साहाय्य करावे असे सांगते. आमची मागणी आहे, अपंगांसाठी हा दर १८ च्या खाली आणा, आणि २१ प्रकारांपैकी एकालाही वगळू नका. ज्या मजुराच्या घरी गाडीच येणार नाही, त्याच्या लेकराला चढता येईल अशी एसटी दौंड-शिरूरच्या रस्त्यावर धावू द्या.