म्हातारी उपकेंद्रे आणि आपले एक पाणी



वीज गेली की आपला मोर्चा कुठे जातो? डीपीकडे. डीपी जळाली असेल तर लाइनमनकडे. लाइनमन सापडला नाही तर वीज कचेरीवर. त्याच्या वर आपली नजर जात नाही. पण डीपीत वीज जिथून येते, त्या मोठ्या उपकेंद्रातली यंत्रे म्हातारी झाली असतील, तर नवी डीपी मिळूनही मोटर चालणार नाही. आजचा विषय तोच आहे.

कोणी म्हणेल, आपण कोरडवाहूवाले, आपल्याला उपकेंद्राशी काय घेणे? मी शेतकीची पदवी घेतलेला माणूस, वीज अभियंता नव्हे. म्हणून आधी पिकाचेच सांगतो. आपल्या विहिरीला पाणी दोन-चार तासांचे. बोंड भरताना पावसाने ताण दिला तर कपाशीला एक पाणी, ज्वारी पोटरीत आली की तिला एक पाणी. बागायतदाराची एक पाळी चुकली तर पुढची असते. आपल्याला पुढची नसते. त्या आठ-दहा दिवसांत वीज आली नाही, तर वर्षभर नीट येऊन उपयोग काय?

आणि नुसती येऊन भागत नाही, पुऱ्या दाबाने यावी लागते. तीन फेजची मोटर ४१५ व्होल्टची असते. दाब ३३० वर उतरला तर तिचा जोर ६३ टक्के उरतो. ओझे मात्र तेवढेच. मग मोटर जादा करंट ओढते, तापते आणि वाइंडिंग जळते. भरलेल्या गाडीतला एक बैल सोडावा आणि दुसऱ्याला चाबूक मारावा, तशी गत होते.

वीज येते कशी ते पाहा. चंद्रपूरसारख्या केंद्रात तयार झालेली वीज ४०० किंवा २२० हजार व्होल्टने निघते. वाटेत उपकेंद्रांत ती १३२ हजारांवर, मग ३३ हजारांवर उतरते. तिथून ११ हजार आणि मग तुमची डीपी. २००५ साली वीज मंडळाचे तुकडे झाले तेव्हा वरचे मोठे जाळे महापारेषणकडे गेले, ३३ हजार व त्याखालचे महावितरणकडे. तक्रार आपण महावितरणकडे करतो. वरच्या कंपनीला शेतकऱ्याचे तोंडही दिसत नाही.

उपकेंद्रात म्हातारे काय होते? ट्रान्सफॉर्मरच्या आत तांब्याच्या तारांना कागद गुंडाळलेला असतो आणि तो तेलात बुडालेला असतो. उष्णतेने आणि ओलाव्याने कागद कुजतो. तेल बदलता येते, आतला कागद सहजी बदलता येत नाही. जुन्या ब्रेकरचे भाग झिजतात, सुटे भाग मिळत नाहीत. बिघाड ओळखणारे जुने रिले सुस्त होतात. ब्रेकरला 'तोड' म्हणणारी बॅटरी उतरली असेल तर ब्रेकर तुटतच नाही. मग एका वाहिनीचा दोष मागच्या उपकेंद्रापर्यंत जातो आणि दहा गावांऐवजी सारा तालुका अंधारात बसतो.

वीज आयोगाच्या नियमांत उपकेंद्राचे उपयुक्त आयुष्य २५ वर्षे धरले आहे, वाहिनीचे ३५ वर्षे. म्हणजे १९९० च्या दशकात बसवलेली आणि अजून न बदललेली उपकेंद्रातली यंत्रे आज हिशेबी आयुष्य संपवून उभी आहेत. बदलत का नाहीत? नव्या उपकेंद्राची फीत कापता येते, जुना ब्रेकर बदलला तर पुढाऱ्याला नारळ फोडायला मिळत नाही.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली. काही तासांत परत यायला लागली, लगेच चौकशा बसल्या. बसायलाच हव्यात. पण चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची वाहिनी वीज घेऊन जाते, तिच्या एका टोकाला अंधार झाला तर चौकशी आणि आपल्या मुलखात अंधार झाला तर "फॉल्ट शोधतोय" एवढेच उत्तर, हा न्याय कुठला?

सरकार म्हणेल, एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज मोफत केली, आता तक्रार कसली? भावांनो, न आलेली वीज फुकट असून काय कामाची? मोटर भरायचे पैसे आपल्याच खिशातून जातात. शिवाय बिल शून्य झाले की आपण ग्राहक उरत नाही, उपकृत होतो. उपकृताने दाब किती हे विचारायचे नसते, असा समज करून दिला जातो.

दुसरे उत्तर मिळेल, गावोगावी सौर प्रकल्प होत आहेत. व्हावेत. दिवसा वीज ही आपलीच मागणी. पण तो प्रकल्प उपकेंद्रालाच जोडलेला असतो. उपकेंद्र बंद पडले की डोक्यावर ऊन तळपत असूनही तो बंद होतो.

आता एक सावधगिरी. "सगळे जुने फेका, नवे आणा" असे आपण म्हणायचे नाही. यंत्रावर घातलेल्या भांडवलावर कंपनीला परतावा मिळतो आणि तो दरातून वसूल होतो. धडधाकट यंत्र बदलले तर भुर्दंड सगळ्यांना. म्हातारा बैल नांगराला चालतो की नाही हे त्याच्या दातांवरून नव्हे, चालीवरून ठरवतात. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात कोणते वायू विरघळले आहेत, हे तपासून आतला बिघाड कळतो. तसे तपासूनच ठरवावे.

म्हणून जिल्हा बैठकीत या मागण्यांचा ठराव व्हावा :

१. जिल्ह्यातील प्रत्येक उपकेंद्रातील ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, रिले व बॅटरी यांचे बसवल्याचे वर्ष आणि शेवटच्या तपासणीचा निकाल जाहीर करा.

२. तपासणीत नापास झालेली यंत्रे बदलण्याची तारीख लेखी द्या.

३. एक ट्रान्सफॉर्मर बंद पडला तर उरलेल्यांनी भार पेलला पाहिजे. जिथे पेलत नाही ती उपकेंद्रे आधी घ्या.

४. कामासाठीची मोठी बंदी कपाशीचे बोंड आणि ज्वारीची पोटरी या काळात नको. रब्बी निघाल्यावर घ्या आणि आधी कळवा.

तोपर्यंत प्रत्येक गावाने एक वही ठेवावी. वीज कधी गेली, कधी आली, दाब किती होता. शेजारच्या गावांनाही विचारावे. आपल्याच फीडरची गेली असेल तर दोष जवळचा. तालुक्याचे गाव आणि चहूकडची खेडी एकाच मिनिटाला गेली असतील तर दोष बहुधा वरचा. आयोग महापारेषणच्या खर्चावर जनतेच्या हरकती मागवतो. तिथे उद्योगांचे वकील आकडे घेऊन जातात. या वेळी आपल्या वह्या जाऊ द्या. येत्या बैठकीला येताना गेल्या महिन्याच्या नोंदी घेऊन या.