औषध आपले, रुग्ण कोणाचा?

गेल्या काही वर्षांत आमच्या चंद्रपूर येथील चिकित्सालयात जनावरांसाठी औषध मागणारेही येऊ लागले आहेत. विचारणा बहुधा गाय-म्हशीची असते. एका माघ महिन्यात मात्र वरातीसाठी घोडी बाळगणारे एक गृहस्थ आले. दोन महिन्यांपूर्वी यात्रेतून घेतलेली घोडी माजावर येत नाही, तिला भरवून शिंगरू घ्यावयाचे आहे, असे त्यांचे म्हणणे. "डाक्टरसाहेब, बायामाणसाले पाळीसाठी देता थेच औषध माया घोडीले द्या ना, मात्रा वाढवून!" रजःप्रवर्तिनी वटीच्या डबीकडे आमचा हात गेलाही होता. परंतु आधी पशुवैद्यकांना दाखवून या, असे सांगण्याची बुद्धी सुदैवाने झाली. तपासणीत घोडी सुमारे पाच महिन्यांची गाभण निघाली.

हा प्रसंग आम्ही आमच्या सावधपणाचे कौतुक व्हावे म्हणून सांगत नाही. हात फळीकडे गेला होता, ही त्यातील खरी गोष्ट आहे. आपल्यापैकी किती जणांचे हात असे जातात, आणि वेळीच थांबत नाहीत, याचा विचार व्हावा म्हणून हे लिहिणे.

मुळात घोडीला पाळी नसते; तिला माजाचे चक्र असते. ते साधारण २१ ते २२ दिवसांचे असून त्यातील ५ ते ७ दिवस ती माजावर राहते आणि माज संपण्यापूर्वीच्या एक-दोन दिवसांत बीज सुटते. रक्तस्राव हे या चक्राचे लक्षणच नव्हे. तेव्हा जो रज प्रवृत्त व्हावयाचाच नाही, त्यासाठी रजःप्रवर्तिनी कशाला? या वटीतील कन्यासार हे घोड्यास तीव्र विरेचन घडवते, आणि गर्भिणीस ही वटी निषिद्ध आहे हे आपण पदवीच्या वर्गातच शिकलो आहोत. शिवाय घोड्यास वांती होत नाही. पोटात गेलेले चुकीचे औषध तो बाहेर टाकू शकत नाही. नळीने घाईत पाजलेला काढा फुप्फुसात उतरण्याचे भय निराळेच.

मग आयुर्वेदापाशी या प्रश्नाचे उत्तर नाही काय? आहे, परंतु ते बाटलीत नसून विचारपद्धतीत आहे. सुश्रुताचार्यांनी गर्भधारणेस ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चार गोष्टींचे सान्निध्य आवश्यक मानले. हीच चौकट घोडीस लावून पाहावी. ऋतू म्हणजे नुसते माजाचे दिवस नव्हेत. घोडी दिनमानाप्रमाणे चालणारा प्राणी आहे. दिवस मोठा होऊ लागला की तिचे बीजकोश जागे होतात, लहान झाला की मंदावतात. युरोपात हा फरक तीव्र असतो, आपल्याकडे सौम्य. तरीही चंद्रपुरात डिसेंबरचा दिवस सुमारे ११ तासांचा आणि जूनचा सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. हिवाळ्यात गप्प असलेली घोडी रोगीच असते असे नाही, आणि हिवाळा सरताना तिचा माज लांबला वा अनियमित झाला तरी तो पुष्कळदा संधिकालाचा धर्म असतो. क्षेत्र म्हणजे गर्भाशय: तेथे दाह वा संसर्ग आहे का, योनिमुख सैल होऊन आत वायू व मळ शिरतो का, घोडीचे वय पंधरा वर्षांपुढे गेले आहे का, हे पाहावे लागते. अंबू म्हणजे आहाररस. केवळ कडब्यावर पोसलेली, हाडे दिसणारी घोडी माजावर येण्याची अपेक्षा कशी करावी? बीजाच्या बाबतीत नराचीही परीक्षा हवी. या चारांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर न घेता शतावरीचा पुडा हाती देणे ही चिकित्सा नव्हे, विक्री आहे.

काही सहकारी येथे शालिहोत्राचा दाखला देतात. परंतु ती परंपरा आपल्या बाजूने नव्हे, विरुद्धच साक्ष देते. घोड्यासाठी शालिहोत्र, हत्तीसाठी पालकाप्य अशी शास्त्रे पूर्वजांनी स्वतंत्र मांडली. मनुष्यवैद्यानेच सर्व काही करावे, असे त्यांनी मानले नाही.

कायद्याची स्थितीही ध्यानात घ्यावी. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्याबरोबर प्राण्यांचाही उल्लेख आहे. म्हणजे औषध आपले आहे, यात शंका नाही. परंतु भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ च्या कलम ३० अन्वये पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांचा आहे. म्हणजे रुग्ण त्यांचा. बी.ए.एम.एस. पदवी ही सीमा ओलांडण्याचा परवाना देत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो आम्ही हलका मानत नाही. पर्लकोटेला पूर आल्यावर भामरागडच्या माणसाने पशुवैद्यक कोठून आणावा? एटापल्ली, सिरोंचा या भागांत औषधालयाचे दार अनेकदा जवळचे असते आणि दवाखान्याचे दूर. हे खरे आहे. परंतु म्हणूनच त्या दारातील माणसाची जबाबदारी वाढते. जनावर गाभण नाही ना, शेवटचा माज केव्हा दिसला, शेवटचे केव्हा भरवले, स्राव वा दुर्गंध आहे का, आहार काय, एवढे विचारून कागदावर लिहून द्यावे आणि १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर संपर्क करून द्यावा. हेच प्रश्न गाय-म्हशीसही लागू आहेत. गायीचा माज तर जेमतेम १२ ते १८ तासांचा, आणि म्हशीचा उन्हाळ्यात बहुधा मुका. कित्येकदा औषधाची नव्हे, पहाटे गोठ्यात डोकावण्याची गरज असते.

औषधालय मालकांस आमची विनंती अशी की, स्त्रीरोगांवरील कल्प जनावरांसाठी मात्रा वाढवून देणे आजच थांबवावे. प्रोस्टाग्लँडिनसारखी सुई तर ओळखीखातरही देऊ नये. गाभण जनावराचा गर्भ तिने पडतो, आणि ती हाताळणाऱ्या गर्भवती स्त्रीस वा दमेकऱ्यासही अपाय होऊ शकतो. याने थोडी विक्री बुडेल. परंतु घोडीची एक मात्रा म्हणजे कित्येक माणसांची मात्रा. आपल्याच जंगलातून खणून आलेली मुळे निष्कारण खर्ची घालण्यात कोणते पुण्य?

आपल्या संघटनेने नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठातील तज्ज्ञांस निमंत्रित करावे, आणि कोणते कल्प, कोणत्या निदानावर, कोणत्या मात्रेत पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली वापरून पाहता येतील, याच्या नोंदी एकत्र ठेवाव्यात. शतावरी घोडीस उपकारक असेल तर ते नोंदींतून सिद्ध होईल. नसेल तर तेही कळेल.

त्या गृहस्थांच्या घोडीला पुढे श्रावणात शिंगरू झाले. ते आम्हास दाखवण्यासाठी ते मुद्दाम घेऊन आले आणि "तुमच्याच हातगुणानं झालं," म्हणाले. आम्ही त्या घोडीला काहीच दिले नव्हते, हे त्यांना पटवून देण्यास बराच वेळ लागला.