अम्मीची वही रद्दीत का जाते?

आमच्या खानदानाचा शजरा मोठ्या भावाने लॅमिनेट करून बैठकीत लावलाय. सात पिढ्यांची नावं आहेत त्यात, सगळी पुरुषांची. वाचणाऱ्याला वाटावं, आमच्याकडे पुरुषच पुरुषांना जन्म देत आले.

अम्मीच्या इंतकालानंतर आम्ही तिघा भावांनी तिची पेटी उघडली. सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, आजोबांच्या वेळचे कोर्टाचे कागद, हे सगळं फोल्डरमध्ये गेलं. एक जाड, तेलकट वही रद्दीच्या गठ्ठ्यात गेली. ती मीच टाकली. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवून पोट भरणारा मी, पण एक पानही न उघडता टाकली. गठ्ठ्यातून ती काढली बहिणीने.

वही दोन्ही बाजूंनी सुरू होते. डावीकडून दादीची मराठी. ती चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेली. उजवीकडून अम्मीची उर्दू. दोघींची पानं जिथे भेटतात तिथे किराण्याची उधारी लिहिलीये. 'मसाला भूनके घेणे, मग पाणी टाकणे' अशी दादीची भाषा. वर्गात मी हे वाक्य लाल शाईने खोडलं असतं.

प्रत्येक कृतीच्या वर ती कुणाकडून आली ते आहे. मोहरमचे चोंगे जतवाल्या खालाचे. खिमा मिरजवाल्या फुफीचा. पुरणपोळी आणि मेतकूट शेजारच्या काकूंचं. कंदुरीच्या पानावर फक्त हिशेब: माणसं साठ, तांदूळ दोन पायली. आणि एक पान 1972 च्या दुष्काळातलं. अमेरिकेहून आलेला लाल मिलो रेशनवर मिळायचा. त्याची भाकरी थापताना तुटते म्हणून पिठाची उकड काढून मळावी, असं दादीने लिहिलंय. खाली एकच ओळ: 'मुलं खात नाहीत.' ती मुलं म्हणजे माझे चाचा. दुष्काळाच्या गोष्टी त्यांनी खूप सांगितल्या, ही कधी सांगितली नाही.

म्हणजे शजऱ्यात ज्या बायका नाहीत त्या सगळ्या या वहीत आहेत. कोण कुठे नांदायला गेली, कुणाचं कुणाशी येणं-जाणं होतं, कुणाच्या हाताला काय यायचं. आमच्या घरात बायकांचा हा एवढाच लेखी इतिहास, आणि तो मी किलोच्या भावाने विकायला काढला होता.

हे सांगितलं की लोक म्हणतात, 'सर, यूट्यूबवर सगळं मिळतं.' मिळतं ना. चोंग्याची कृती मिळेल. जतवाली खाला मिळणार आहे का?

दुसरा एक वर्ग आहे, शाही दस्तरख्वानवाल्यांचा. मांडूच्या सुलतानासाठी पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिहायला घेतलेला निअमतनामा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, हे ते छाती फुगवून सांगतात. सुलतानाच्या समोशाचा अभिमान, आणि स्वतःच्या आईची वही रद्दीवाल्याला! आपल्यापैकी किती जणांचे पूर्वज सुलतानाच्या पंगतीला होते? बहुतेकांचे तर बहुधा कंदुरीच्या पंगतीला.

आणि ही तक्रारही आपली नेहमीचीच, की मराठी खाद्यसंस्कृती म्हटलं की आपलं ताट दिसत नाही. तक्रार खोटी नाही. पण सूपशास्त्र 1875 मध्ये छापलं गेलं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं गृहिणी-मित्र 1910 मध्ये आलं, कमलाबाई ओगल्यांची रुचिरा 1970 मध्ये. कुणीतरी स्वयंपाकघरातलं ज्ञान छापण्याच्या लायकीचं मानलं म्हणून ती पुस्तकं झाली. मराठवाड्यातल्या दलितांचं अन्न पुस्तकांत नव्हतं, तर शाहू पाटोळ्यांनी 2015 मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' स्वतः लिहिलं. आपल्याकडे जे आधीच लिहिलेलं आहे तेही आपण टिकू देत नाही, मग दुसऱ्याच्या पुस्तकात आपलं पान शोधायचं कोणत्या तोंडाने?

कागद जपायचा कसा हे आपल्याला कळत नाही, असं नाही. 2019 च्या डिसेंबरात एनआरसीच्या धास्तीने आपण घरोघर पेट्या उपसल्या. पणजोबांच्या शाळेचा दाखला मिळावा म्हणून तालुक्याला खेटे घातले. तेव्हाही ही वही माझ्या हाताखालून गेली असणार. सरकारला दाखवता येत नाही, तो आपल्या लेखी कागदच नाही.

बहिणीने वही मागितली तेव्हा आम्ही भाऊ किती उदार झालो! 'घे ना, तुझीच आहे.' त्याच आठवड्यात घराच्या हक्कसोडपत्रावर तिने सही केली होती. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलाय, आयत आम्हाला पाठ आहे, भाषणात आम्ही ती सांगतोही. पण बहिणीला घर नाही, आईच्या हातची चव द्यायची, आणि वर डोळ्यांत पाणी आणायचं. 'अम्मी के हाथ का खाना' म्हणून स्टेटस ठेवणाऱ्या भावांनो, बहिणीचा हिस्सा दिलात का? मी दिला नव्हता. या रमजानमध्ये तिघे बसलो तेव्हा विषय मी काढला. मोठा भाऊ उठून गेला. मी माझ्या वाट्यातलं देणार आहे, कागद करायला टाकलाय.

सुट्टीत मी बहिणीकडे जातो. उर्दू पानं मी वाचतो, ती मराठीत उतरवून घेते. तिच्या मुलांना उर्दू येत नाही, माझ्याही धाकट्याला येत नाही. चोंग्याच्या पानावर पाणी पडलंय. 'गूळ' या शब्दापुढचं माप पुसलं गेलंय. जतवाली खाला गेल्या पावसाळ्यापर्यंत होती.