चित्रे काढून पोट भरते का?

गेल्या महिन्यात अश्दोदला एका मलिद्याला गेले होते. तिथे एका गृहस्थांनी सर्वांदेखत मुलीची तक्रार मांडली. पोरगी सैन्यातून सुटली, आता यरुशलाईमच्या बेझालेल अकादमीत जायचे म्हणते. "चार वर्षे फी भरायची आणि शेवटी काय, भिंती रंगवायच्या?" सगळे हसले. पोर मान खाली घालून बसली.

मला हसू आले नाही. हेच वाक्य पंचवीस वर्षांपूर्वी मी माझ्या मुलीला ऐकवले होते. ती हिशेबनीस झाली. पगार चांगला आहे, तक्रार करत नाही. पण तिचे रंगाचे डबे अजून माझ्या माळ्यावर आहेत. ती ते मागतही नाही, टाकूही देत नाही.

आपल्याला रेल्वे, कस्टम, शाळा, इस्पितळ एवढ्याच नोकऱ्या खऱ्या वाटतात. मीही त्यातलीच. पण ज्या नावाला आपण हसलो ते शेमोथच्या 31 व्या अध्यायातले आहे. ऊरीचा मुलगा बेझालेल, सोने, चांदी, दगड, लाकूड घडवणारा. मिश्कानचे काम त्याच्यावर सोपवले गेले. पेन्शनचे कोणी विचारल्याचे मी तरी वाचले नाही. आणि कोकणात घाणा चालवणाऱ्या शनवार तेल्यांच्या नातवंडांनी हातच्या कामाला नाक मुरडावे?

बोरिस शात्झ यांनी 1906 साली काढलेल्या या संस्थेत नुसते कॅनव्हास रंगवत नाहीत. दागिने, काच, मातीकाम, छायाचित्रण, अॅनिमेशन, वास्तुकला, कारखान्यात बनणाऱ्या वस्तूंची रचना, सारे शिकवतात. रात्री तीन वाजता अंधाऱ्या वॉर्डात सलाइनच्या पंपाचे बटण माझ्या बोटाला न शोधता सापडे, ते कुठे असावे हे कोणीतरी आधी कागदावर काढून ठरवले होते. आमच्याच वॉर्डात भाजलेला एक मुलगा आठवडाभर कोणाशी बोलला नव्हता. चित्रांतून उपचार करणाऱ्या बाईंनी त्याला खडू दिले. त्याने आधी घर काढले, मग आग, मग बोलला. या कामाला कलेच्या पदवीवरून पुढे मास्टर्स करून जाता येते. हैफा विद्यापीठात ते शिकवतात.

नुसती चित्रे विकून घर चालवणारे थोडेच, हे मान्य. बरेच जण शाळेत शिकवतात. पण आपल्यातल्याच सिओना बेंजामिन मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकल्या, अमेरिकेत चित्रकला आणि नेपथ्य अशा दोन मास्टर्स पदव्या घेतल्या, आणि फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात येऊन त्यांनी बेने इस्रायल माणसांचे चेहरे रंगवले. आपले चेहरे! ते काम कोणा हिशेबनिसाने केले नसते.

तेव्हा भाऊ, सैन्यातून सुटताना मुलीला मिळालेले पिकदोनचे पैसे शिक्षणासाठी वापरता येतात, आणि ते तिचे आहेत. प्रवेशाला तिची चित्रेच तपासतील. तुम्ही ती वही अजून उघडलेली नाही, हे त्या दिवशी तुम्हीच मला सांगितलेत. आधी ती मागून घ्या.